शिलावर्तुळे आणि दोरीची भूमिती

इंग्लंडच्या उत्तर भागात, कंब्रिया परगण्यातील पेनरिथ गावाजवळ, एका उतरत्या माळावर दगडांचे एक विस्तीर्ण कडे उभे आहे. ‘लांब मेग आणि तिच्या मुली’ हे त्याचे लोकांनी ठेवलेले नाव. कड्याबाहेर एकटीच उभी असलेली, पावणेचार मीटरांच्या आसपास उंचीची तांबड्या वालुकाश्माची शिळा ही मेग, आणि कड्यातील शिळा या तिच्या मुली होत. या सर्व पूर्वी चेटकिणी होत्या व एका मांत्रिकाने त्यांना शिळा करून टाकले, अशी कथा आहे. जो कोणी त्या शिळा दोन वेळा मोजून दोन्ही वेळा तोच आकडा काढील त्याच्या हातून तो मंत्र सुटेल, असेही सांगतात. अहल्येची कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला यात फारसे नवल वाटावयाचे नाही.

शिळा किती, हे मोजण्याचा नाद पुष्कळांना लागला. कड्याच्या आकाराकडे मात्र फार दिवस कोणी बारकाईने पाहिले नाही. कडे म्हटले की ते गोल असावयाचे, आणि गोल नसेल तर बांधणाऱ्यांना गोल काढता आले नसेल, असे गृहीत धरले गेले. लांब मेगचे कडे गोल नाही. त्याची एक बाजू सुमारे १०९ मीटर भरते, तर दुसरी सुमारे ९३ मीटर, आणि उत्तरेकडील अंग चापट मारून बसवावे तसे चपटे आहे. ही चूक म्हणावयाची की हेतू, या एका प्रश्नावर विसाव्या शतकात विद्वानांमध्ये मोठा वाद झाला.

ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत मिळून अशी तेराशेच्या आसपास शिलावर्तुळे नोंदली गेली आहेत. इ. स. पूर्व ३३०० ते ९०० हा ढोबळ मानाने त्यांचा काळ. बांधणाऱ्यांजवळ लिपी नव्हती. त्यामुळे कोणत्याही शिळेवर कर्त्याचे नाव नाही, मोजमापाचा तक्ता नाही, नकाशा नाही. बोलावयाचे ते दगडांनीच बोलावयाचे, आणि दगडांच्या तोंडी हवे ते शब्द घालणे फार सोपे असते.

पहिल्या पक्षाने बांधणाऱ्यांना फारच थोडे श्रेय दिले. सर्वांत प्रसिद्ध वर्तुळ स्टोनहेंजचे. तेथील शिळा घडवून, वरच्या आडव्या शिळांना खाचा व कुसवे करून सुताराने लाकूड जोडावे तशा जोडलेल्या आहेत. १९५३ मध्ये तेथील एका शिळेवर कट्यारीची आकृती कोरलेली आढळली. ती ग्रीसमधील मायसिनी येथील कट्यारींसारखी दिसते असे पाहून रिचर्ड अ‍ॅट्किन्सन या उत्खनन करणाऱ्या विद्वानाने १९५६ च्या आपल्या ग्रंथात असा तर्क मांडला की, एवढे कौशल्य स्थानिक रानटी लोकांचे असणे शक्य नाही. भूमध्य समुद्राकडून एखादा स्थपती आला असला पाहिजे. पुढे किरणोत्सर्गी कार्बनावरून काढलेली वर्षे झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून दुरुस्त केली गेली, तेव्हा स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास, म्हणजे मायसिनीच्या वैभवापूर्वी हजार वर्षे, उभ्या राहिल्या होत्या असे दिसून आले. शिष्य गुरूच्या आधी जन्मलेला निघाला! तो परदेशी स्थपती मग ग्रंथांतून मुकाट्याने निघून गेला.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट. त्याचा प्रवर्तक पुरातत्त्वज्ञ नव्हता, इंजिनिअर होता. अलेक्झांडर थॉम (१८९४–१९८५) हा स्कॉटलंडचा. १९४५ ते १९६१ या काळात तो ऑक्सफर्ड येथे अभियांत्रिकी विज्ञानाचा प्राध्यापक होता. तरुणपणापासून त्याला नौकानयनाचा छंद, आणि त्या निमित्ताने तो स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर जात असे. लुईस बेटावरील कॅलनिश येथील शिळा त्याने एका सफरीत पाहिल्या आणि त्यांनी त्याला कायमचे धरले. थिओडोलाइट व साखळी घेऊन त्याने पुढील अनेक वर्षे सुट्टीमागून सुट्टी रानावनांत घालविली. शेकडो स्थळे मोजली. चिखल, पाऊस, कुंपणे यांची पर्वा न करता त्याने काढलेले नकाशे इतके काटेकोर आहेत की त्याचे सिद्धांत न मानणारेही ते नकाशे वापरतात. १९५५ मध्ये त्याने आपले म्हणणे संख्याशास्त्रज्ञांपुढे मांडले आणि १९६७ मध्ये ब्रिटनमधील महापाषाण-स्थळांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

थॉमचे म्हणणे असे की, वाकडी वाटणारी ही कडी वाकडी नाहीतच. काही खरी वर्तुळे आहेत. काही दीर्घवर्तुळे आहेत, म्हणजे दोन खुंट्यांभोवती दोरीचा फेरा घालून काढलेली. काही अंड्याच्या आकाराची आहेत. आणि काही चपटी वर्तुळे आहेत, पण चपटेपणाही नियमाने आणलेला.

हा नियम समजून घेण्यास कागदापेक्षा अंगण बरे. एक खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखावे, पण पुरे करू नये; तीन भागांपैकी दोन भाग, म्हणजे २४० अंश, झाल्यावर थांबावे. वर्तुळाची रेघ जेथे थांबली त्या दोन टोकांपासून मध्यखुंटीपर्यंत दोन त्रिज्या येतात. प्रत्येक त्रिज्येच्या मध्यावर एकेक खुंटी ठोकावी आणि अर्ध्या दोरीने दोन्ही टोकांपासून आत वळणारे दोन छोटे कंस काढावेत. शेवटी उघड्या बाजूच्या बरोबर समोर, परिघावर, चौथी खुंटी ठोकावी आणि तेथून लांब दोरीने राहिलेली फट एका सपाटशा कंसाने जोडून टाकावी. कोठेही कोपरा पडत नाही, सांधा दिसत नाही, आणि कडे एका बाजूस चपटे होते. केझिक गावाजवळचे कासलरिगचे कडे असेच आखलेले आहे असे थॉमने दाखविले. ते ३० मीटरांच्या आसपास रुंदीचे, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या पठारावरचे एक अत्यंत सुंदर स्थळ आहे. लांब मेगचे कडे दुसऱ्या जातीचे. त्यात निम्मे वर्तुळ खरे, आणि व्यासाचे तीन सारखे भाग करून त्या भागबिंदूंवर खुंट्या ठोकावयाच्या.

असा खटाटोप कोणी कशासाठी करावा? थॉमचे उत्तर शाळेतील मुलांनाही रुचेल असे आहे. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त भरतो, आणि ते ‘थोडे’ कधीच संपत नाही. पूर्णांकांवर भक्ती असलेल्या माणसाला हे खटकणारच. वर्तुळ चपटे केले की परीघ कमी होतो. पहिल्या जातीच्या चपट्या वर्तुळात परीघ मोठ्या व्यासाच्या ३.०५९ पट येतो, दुसऱ्या जातीच्या वर्तुळात २.९५७ पट. म्हणजे दोन्ही जाती तीनच्या दोन बाजूंना, तीनच्या जवळ. बांधणाऱ्यांना व्यासही पूर्णांकात हवा होता आणि परीघही, असे थॉमचे अनुमान होते. गणित बिनचूक आहे. मात्र ते बांधणाऱ्यांच्या मनात होते की नव्हते, हा निराळा प्रश्न.

अंड्याच्या आकाराच्या कड्यांत त्याला याहूनही मोठी गोष्ट दिसली. त्यांचा पाया म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन काटकोन त्रिकोण, आणि त्यांच्या बाजू पुष्कळदा ३, ४, ५ या प्रमाणात. पायथागोरसच्या जन्मापूर्वी दीडहजार वर्षे हे त्रिकोण ब्रिटनच्या माळांवर आखले जात होते, असा याचा अर्थ झाला असता. स्टोनहेंजपासून तीनेक किलोमीटरवर वुडहेंज हे लाकडी खांबांच्या सहा एकात एक अंडाकृती कड्यांचे स्थळ आहे. खांब केव्हाच कुजून गेले. १९२५ मध्ये विमानातून घेतलेल्या छायाचित्रात शेतातील डागांवरून खड्डे ओळखू आले आणि पुढे ते खणून मोकळे करण्यात आले. तेथे थॉमला जो त्रिकोण सापडला त्याच्या बाजू १२, ३५ आणि ३७ या प्रमाणात होत्या. बाराचा वर्ग १४४, पस्तिसाचा १२२५, बेरीज १३६९, आणि तोच सदतिसाचा वर्ग.

१२ आणि ३५ ही जोडी भारतीय वाचकाने थांबून पाहण्यासारखी आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारे जे शुल्बसूत्रांचे ग्रंथ आहेत, त्यांतील बौधायनाचा ग्रंथ सामान्यतः इ. स. पूर्व ८०० ते ५०० च्या दरम्यानचा मानतात. शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांइतका असतो हे सांगून बौधायन उदाहरणादाखल सहा जोड्या देतो: ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५, १५ व ३६. वुडहेंजची जोडी त्या यादीत पाचवी आहे. एवढेच नव्हे, तर यूपाच्या, म्हणजे यज्ञस्तंभाच्या, खड्ड्याचा परीघ सांगताना बौधायन तो व्यासाच्या सरळ तिप्पट धरतो. सोमयागाच्या महावेदीची लांबी ३६, एक बाजू ३० आणि दुसरी २४ पावले. तिचे कोपरे बसवावयाचे ते ३० च्या अर्ध्याने, म्हणजे १५, ३६ व ३९ च्या त्रिकोणाने. खुंटी, दोरी आणि दोरीवरची खूण, एवढीच सामग्री.

हे साम्य पाहून काही गणितज्ञ भारावून गेले. हॉलंडचा प्रसिद्ध गणितज्ञ व्हॅन डर वेर्डन याने १९८३ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ब्रिटनची शिलावर्तुळे, भारताच्या वेदी, बाबिलोन व चीन यांचे गणित हे सर्व एकाच अतिप्राचीन मूळ विद्येचे फाटे असावेत. आपल्या पूर्वजांचे नाव अशा वंशवृक्षात पाहून कोणालाही बरे वाटेल. पण बरे वाटणे हा पुरावा नव्हे. बौधायनाचा नियम शब्दांत आहे. तो वाचता येतो, पडताळता येतो. वुडहेंजचा त्रिकोण कोणी सांगितलेला नाही. कुजलेल्या खांबांच्या खड्ड्यांवर तो आधुनिक माणसाने बसविलेला आहे, आणि रुंद खड्ड्यांतून एकापेक्षा जास्त आकृत्या बसू शकतात. दोन्ही ठिकाणी दोरी होती, यापलीकडे आज काही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातही शिलावर्तुळे आहेत, आणि त्यांचे काय, असे कोणी विचारील. नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा अशा अनेक स्थळी ती विखुरलेली आहेत. एकट्या जुनापाणीला सुमारे तीनशे आहेत. तेथे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने पहिल्यांदा खणून पाहिले. स्वातंत्र्यानंतर १९६१–६२ मध्ये बा. के. थापर यांनी जुनापाणीला, आणि पुढे शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर स्थळी पद्धतशीर उत्खनने केली. ही वर्तुळे ब्रिटनमधल्यासारखी मोकळी नाहीत. धोंड्यांच्या कड्याच्या आत दगडमातीची रास असते आणि तिच्याखाली मृताच्या अस्थी, मातीची भांडी, लोखंडाची हत्यारे. कोठे कोठे तांब्याच्या अलंकारांनी सजविलेल्या घोड्याचे अवशेषही सापडले आहेत. काळ इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाचा. लोखंड गाळणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या या लोकांचा ब्रिटनच्या वर्तुळकर्त्यांशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही. तरी तो जोडण्याचा मोह जुना आहे. ‘एका ठगाचा कबुलीजबाब’ लिहिणारा मेडोज टेलर याने एकोणिसाव्या शतकात दख्खनमधील अशा स्मारकांचे वर्णन केले, ते ‘केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन’ या नावाखाली. कोणाचीही असोत, ज्यांच्या भूमीत उभी होती त्यांची मात्र नसावीत!

थॉमच्या मताला खरा आधार होता तो मापाचा. शेकडो व्यास मांडून त्याने दाखविले की ते २.७२ फूट, म्हणजे सुमारे ८३ सेंटिमीटर, या एका लांबीच्या पटीत येतात. या मापाला त्याने ‘महापाषाण-यार्ड’ असे नाव दिले. स्कॉटलंडपासून दक्षिण इंग्लंडपर्यंत हे माप इतके एकसारखे होते, असे त्याचे मत, की प्रत्येक गावाने शेजारच्या गावाची काठी पाहून आपली काठी केली असे मानता येत नाही. तसे असते तर चूक वाढत गेली असती. एखाद्या मुख्य ठाण्यातून प्रमाण-काठ्या वाटल्या जात असल्या पाहिजेत. इतरांनी यावर मजले चढविले. ठाणे आले तर अधिकारी आले, अधिकारी आले तर खगोल जाणणाऱ्या पुरोहितांचा वर्ग आला, आणि बाकीच्यांनी त्यांना धान्य पुरवावे व सांगतील तेथे दगड ओढावेत, अशी व्यवस्था आली. युअन मॅकी या पुरातत्त्वज्ञाने १९७७ मध्ये असे चित्र विस्ताराने रेखाटले.

गंमत अशी की दोन्ही पक्षांत दगड ओढणारा माणूस तेथेच राहिला. पहिल्या पक्षाने त्याच्या डोक्यावर परदेशी स्थपती बसविला, दुसऱ्याने पुरोहित. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मजुरांनी एकेक धोंडा वेचून रचलेल्या काळ्या राशी ज्यांच्या नित्य पाहण्यातल्या आहेत, त्यांना हे विचित्र वाटेल. धोंडा कोठे टेकवला म्हणजे रास ढासळणार नाही, हे राशीला हात न लावणाऱ्या साहेबापेक्षा रचणाऱ्याला जास्त ठाऊक असते.

संख्याशास्त्रज्ञांनी थॉमचे आकडे पुन्हा तपासले. केंब्रिजच्या डेव्हिड केंडलने १९७४ मध्ये असा निर्णय दिला की, कोणते तरी एक माप असल्याची खूण आकड्यांत दिसते, ती केवळ योगायोगाची असण्याचा संभव थोडा आहे. पण थॉम म्हणतो तेवढी सूक्ष्मता त्यातून सिद्ध होत नाही. पुढील तपासणीत असे निघाले की ही खूणही मुख्यतः स्कॉटलंडमधील वर्तुळांपुरती आहे. आणि ८३ सेंटिमीटर हे काय आहे? उंच माणसाची लांब टाकलेली एक ढांग. मुख्य ठाण्याची काठी नसून वर्तुळ आखताना टाकलेली पावलेच ती असतील, तर माप थोडेफार सारखे येणार आणि थोडेफार चुकणार. आकडे नेमके तसेच आहेत.

आकृत्यांचे काय, याचे उत्तर जॉन बार्नॅट आणि हेरिंग या दोघांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दिले. त्यांची युक्ती इतकी साधी होती की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे आश्चर्य वाटते. त्यांनी मोकळ्या जागेवर लोकांकडून दोरीशिवाय, केवळ नजरेच्या अंदाजाने, वर्तुळे आखवून घेतली आणि मग ती मोजली. मिळालेली कडी काही चपटी होती, काही लांबट, काही अंड्याच्या आकाराची. थॉमच्या साऱ्या जाती तेथे आपोआप हजर झाल्या, आणि त्या आखणाऱ्यांपैकी कोणी पूर्णांकी परिघाचा ध्यास घेतलेला नव्हता. जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला समोरची बाजू जवळ आल्यासारखी दिसते. मोठे कडे तिरकस नजरेने पाहत पुरे करताना असे फरक पडतातच. खुंटी-दोरीने आखलेले वर्तुळ मात्र सहज ओळखू येते. तशी काटेकोर वर्तुळेही ब्रिटनमध्ये आहेत, म्हणजे ज्यांना हवे होते त्यांना दोरी वापरता येत होती. लांब मेगच्या मुलींना गोल फेर धरण्याची कोणी सक्ती केलेली नव्हती, एवढेच.

थॉमचा पराभव झाला, असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने मोजले नसते तर चपटे कडे आणि गोल कडे यांत भेद आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नसते. ज्या लोकांना रानटी म्हणून बाजूस सारले होते त्यांच्याविषयी ‘त्यांनी विचार केला असेल’ असे म्हणणारा तो पहिल्या काही माणसांपैकी एक होता. त्याने विचार कोणता, हे सांगण्यात घाई केली.

स्कॉटलंडच्या अ‍ॅरन बेटावर मॅक्री मूर नावाचा दलदलीचा माळ आहे. तेथे थोड्या अंतरात अनेक शिलावर्तुळे आहेत, आणि त्यांपैकी एक थॉमच्या मते रीतसर दीर्घवर्तुळ. १९८० च्या दशकात अ‍ॅलिसन हॅगर्टी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा शिळांच्या खाली लाकडी खांबांच्या खड्ड्यांचे कडे निघाले. शिळा उभ्या करण्यापूर्वी कित्येक शतके त्याच जागी लाकडाचे कडे होते, आणि शिळांनी जवळजवळ तीच रेघ धरली होती. मग त्या कड्याचा आकार दगड लावणाऱ्याने ठरविलेलाच नव्हता. तो त्याच्या आधीच्यांकडून आलेला होता. आणि दोन कड्यांच्या मधल्या थरात आणखी एक गोष्ट सापडली. लाकडी खांब गेल्यानंतर आणि शिळा येण्यापूर्वी त्या जमिनीवर शेती झाली होती. मातीत नांगराचे तास एकमेकांना छेदत गेलेले स्पष्ट दिसत होते.